भाऊजींच्या नावाची तार

६ फेब्रुवारी

धाकटे,

पोचलो, त्याला चार दिवस झाले. सामान पोचलं, माणसं पोचली, एक छत्री तेवढी गाडीत राहिली. ती ह्यांच्याच हातात होती, त्यामुळे दोष कुणाचा हा वाद झाला नाही.

खोलीतून समुद्र दिसतो असं जाहिरातीत होतं. दिसतो, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, तेही स्टुलावर चढलं तर. मी मॅनेजरशी भांडायला पदर खोचून निघाले होते. हे म्हणाले, "अगं, दाराबाहेर पन्नास पावलांवर अख्खा समुद्र पडलाय. स्टूल कशाला हवंय?" झालं, माझं भांडण तिथेच विझलं.

किनारा मात्र फोटोत होता तस्साच आहे. पांढरी वाळू, वाकलेले माड, आणि माणसं म्हणशील तर पाय ठेवायला जागा नाही. निळ्या छत्र्यांच्या ओळीच्या ओळी, प्रत्येक छत्रीखाली दोन लाकडी खुर्च्या. वर आकाशात होडीच्या दोराला टांगलेली माणसं किंचाळत जातात, म्हणे मौज. एक बाई दर अर्ध्या तासानं शिंपल्यांच्या माळा घेऊन येते आणि दर वेळी मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं करते. आता मीही तिला रोज पाच वेळा नव्यानं भेटते.

ह्यांचं काय सांगू! एकतीस वर्षं बस डेपोत फोरमन, पायात कायम ते जाड बूट. इथे आल्या आल्या ते बूट काढून खाटेखाली सरकवले आणि जाहीर केलं, महिनाभर पायांत काही घालणार नाही. त्यांचे पाय इतके पांढरेफटक आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सकाळी सातला जे पाण्यात उतरतात ते जेवायला हाका मारेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे.

सासूबाईंच्या अंथरुणाशी सहा वर्षं गेली माझी. तुला खरं सांगते, मी हसायची विसरले होते. काल लाटेनं मला सपशेल पाडलं आणि मी इतकी हसले की नाकातोंडात पाणी गेलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. हात धरून उठवलं आणि मग सोडलाच नाही, चारचौघांत. मला मेलीला लाज वाटली.

एक गंमत आहे. इथले खुर्च्यांवाले, होडीवाले, कुणीही अनवाणी पाण्यात जात नाही. सगळ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आमच्या खुर्चीवाल्यानं ह्यांनाही एक जोड पुढे केला. हे म्हणाले, "एकतीस वर्षांनी सुटलोय, आता परत अडकवू नकोस बाबा." तो हसला नाही.

तुझ्यासाठी बाटली भरून पाठवते. जगातल्या बहिणी भावंडांसाठी साडी आणतात, आमच्या बाईसाहेबांना गावोगावचं पाणी लागतं. प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून तुझं कपाट बाटल्यांनी भरलंय, आता समुद्र तेवढा राहिला होता.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या एकट्याच्या नावानं पाठवते आहे. ताई विचारेल, धाकटीनं काय लिहिलंय. काहीतरी थाप मारा. त्यात तुम्ही तरबेज आहात, दोन वर्षं बघतेच आहे.

निघताना स्टेशनवर माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "समुद्रावर सांगतो तिला." सांगितलंत का? तिच्या पत्रावरून तर वाटत नाही. पत्र भरून नुसती हसते आहे.

दोन वर्षांपूर्वी मी रक्ताच्या खोलीत होते, अजून पाण्याच्या विभागात आले नव्हते. तुमच्या रक्ताची नळी माझ्याच टेबलावर आली. नाव वाचून मी पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली, मग तिसऱ्यांदा केली. आकडे बदलले नाहीत. तुम्ही रिपोर्ट घ्यायला आलात आणि तिथे, जाळीच्या खिडकीपाशी, मला शब्द द्यायला लावलात. आमच्या कामाचा नियमच आहे, ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात. आईला नाही, बायकोला नाही, मग ती बायको माझी सख्खी बहीण का असेना. त्यामुळे गप्प बसायला मला सोपं गेलं. तुम्ही म्हणाला होतात, "आईचं करून करून ती अर्धी झालीय. हे कळलं तर उद्यापासून माझ्या उशाशी बसेल." तेव्हा मला ते पटलं होतं.

आता तुमच्या आईंना जाऊन वर्ष होत आलं, भाऊजी. आता ते कारण संपलं.

यकृताचा निम्म्याहून जास्त भाग कामातून गेलाय. जपलंत तर अजून कितीतरी वर्षं आहेत, असं मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं. जपणार कोण पण? मी रविवारी जेवायला येते आणि तुमच्या ताटातलं मीठ उचलते, तर ताई मला चोंबडी म्हणते. तिला काय माहीत.

ती मला रोजची गोष्ट सांगते, दुधवाला उशिरा आला इथपासून. आणि मी तिच्यापासून हे लपवते. मला आता सहन होत नाही. महिना संपायच्या आत सांगा, नाहीतर मी सांगीन. नियम गेला खड्ड्यात.

धाकटी


१३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

मेमो मिळाला. उत्तर खालीलप्रमाणे सादर.

सांगणार आहे. रोज सकाळी दात घासताना वाक्य जुळवतो. मग तुझी ताई बाहेर येते, केस बांधलेले नाहीत, आणि म्हणते चला लवकर, नाहीतर पुढची खुर्ची कुणीतरी पटकावेल. सांग, तिथे कुठे यकृत काढून ठेवू? गाडी रस्त्यावर झकास धावत असताना फोरमननं तिचे दोष वाचून दाखवायचे नसतात. ती आत आली, इंजिन बंद झालं, की मग कागद काढायचा. खोली एक मार्चपर्यंत आहे. अठ्ठावीसला आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात. तो दिवस जाऊ दे, दुसऱ्या दिवशी सामान बांधता बांधता सांगतो. शब्द.

तुला म्हणून एक लिहितो, ताईला बोलू नकोस. शेजारच्या खोलीत एक जाडजूड गृहस्थ होते, माझे पत्त्यांतले भिडू. रोज संध्याकाळी रम घेऊन बसायचे, मला चिडवायचे की तुम्ही काय नुसतं नारळपाणी पिता. परवा सकाळी त्यांना चादरीत घालून चौघांनी उचलून नेलं. पाय मांडीपर्यंत काळानिळा. मॅनेजर सगळ्यांना सांगतोय की खडकावर आपटले. आदला अख्खा दिवस मी त्यांच्याबरोबर होतो. इथे वाळू आहे, खडक कुठे आहे? जेवणाच्या वेळेपर्यंत खोली धुऊन निघाली आणि नवं जोडपं राहायलाही आलं.

ताईला मी सांगितलं, त्यांना घरून बोलावणं आलं. नाहीतर तिनं त्याच दिवशी ट्रंक भरली असती.

तुझ्या पगारवाढीचं काय झालं? साहेबांना माझं नाव सांग, बघतो एकेकाला.

तुझा भाऊजी


१४ फेब्रुवारी

धाकटे,

तुमचं दोघांचं काहीतरी शिजतंय. नाही म्हणू नकोस. तुझ्या अक्षरातलं पाकीट, वर ह्यांचं नाव, आणि हे ते घेऊन माडांच्या मागे जाऊन वाचतात! विचारलं तर म्हणतात, धाकटीला इंजिन ऑईलबद्दल काही विचारायचं होतं. तुझ्याकडे सायकलसुद्धा नाही.

मी ओळखलंय. अठ्ठावीस तारीख. पस्तीस वर्षं झाली म्हणून तुम्ही दोघं मिळून काहीतरी घाट घातलाय. तू अचानक इथे येऊन उभी राहणार आहेस ना? ये. मी आश्चर्य वाटल्याचं सोंग छान करीन. हल्ली हे माझ्याकडे असं बघतात आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून मिटतात, की मला मनातल्या मनात उकळ्या फुटतात.

बाटली सोबत आहे. आपल्या गावातले चष्म्याच्या दुकानाचे मालक इथे आले होते, ते आणि त्यांची बायको आज परत निघालेत. तेच हे पत्र आणि बाटली तुला आणून देतील. आज सकाळी हे उभे राहतात तिथलंच पाणी भरलंय. इतकं कोमट आहे की चहाची पत्ती टाकायचा मोह होतो. खुर्चीवाला म्हणतो, एवढं तापलेलं पाणी त्यानं जन्मात बघितलं नाही.

एक विचित्र बघितलं. आज मला लवकर जाग आली म्हणून सहाच्या आत किनाऱ्यावर गेले. ट्रॅक्टर फिरत होता. मला वाटलं वाळू सारखी करतात. जवळ गेले तर मेलेली मासळी, ढिगानं, पार टोकापर्यंत. फावड्यानं ओढून खड्ड्यात टाकत होते आणि वर वाळू. मला बघून त्यातल्या एकानं हात हलवला, जा जा म्हणून. सात वाजता सगळ्या छत्र्या उघडल्या, सगळं स्वच्छ, गाणी लागली. मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "डेपोतही साहेब यायच्या आधी आम्ही असंच करायचो."

शिंपलेवालीनं आज मला ओळखलं. मला फार वाईट वाटलं, खेळ मोडला.

ताई


तार. १९ फेब्रुवारी. भाऊजींच्या नावानं, हॉटेलच्या पत्त्यावर.

समुद्रात पाय घालू नका. आजच निघा. सविस्तर पत्र मागून. धाकटी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तार मिळाली असेल. हॉटेलला तीनदा ट्रंक कॉल लावला, लाईन खराब आहे म्हणतात. तारेत कारण लिहिता येत नव्हतं, तारमास्तर मोठ्यानं वाचून शब्द मोजतो आणि सगळं गाव रांगेत उभं असतं. इथे नीट लिहिते.

ताईची बाटली सोळाला आली. कपाटात ठेवणार होते, पण हात सवयीचा असतो. दोन थेंब जंतू वाढवायच्या बशीत टाकून ठेवले, गंमत म्हणून. काल बघितलं तर बशीभर हिरवे ठिपके. बाटली दोन दिवस पिशवीत तापत आली, त्यामुळे किती आहेत त्याला अर्थ नाही. पण आहेत. आज पुन्हा बघून आमच्या साहेबांनाही दाखवलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, हे कुठलं पाणी?

हा जंतू गरम समुद्रात वाढतो. धडधाकट माणूस यात दिवसभर डुंबला तरी सहसा त्याला काही होत नाही. ताईला होणार नाही. पण ज्याचं यकृत कामातून गेलंय त्याच्या पायाला नुसतं खरचटलं आणि त्यातून हा आत शिरला, तर दोन दिवस पुरतात. भाऊजी, तुमच्या रम पिणाऱ्या भिडूचा पाय मला तुमचं पत्र वाचल्यापासून दिसतो आहे. त्यांनाही बहुतेक तुमचंच दुखणं असेल.

म्हणून पाण्यात जाऊ नका. टाच, बोट, कुठेही कापलं असेल आणि ताप आला किंवा पाय लाल झाला, तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठा आणि पहिलं वाक्य हे बोला, की माझं यकृत खराब आहे. बाकी डॉक्टरांना कळेल.

तार मी आधी ताईच्या नावानं लिहिली होती. कागद खिडकीतून आत सरकवायच्या वेळी परत ओढला. तिनं विचारलं असतं, ह्यांनीच का पाण्यात जायचं नाही, आणि मी दिलेला शब्द तारेनं मोडला असता. नाव खोडून तुमचं घातलं. ते योग्य होतं ना?

लगेच निघा. वाट बघते.

धाकटी


२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तार मिळाली. नशीब माझं की मॅनेजरनं माझ्याच हातात दिली, तुझी ताई तेव्हा न्हाणीघरात होती. वाटलं घरी कुणी गेलं. उघडून बघतो तर मेव्हणीचा हुकूम!

रागावलो नाही, पण थोडा रागावलोही. तुला अठ्ठावीसपर्यंत दम निघाला नाही ना? समुद्रात पाय घालू नका, आजच निघा. समुद्राचा आणि यकृताचा काय संबंध? तुला भीती वाटते की मी इथे मजेत राहिलो तर सांगायचं टाळीन, म्हणून घाबरवून घरी बोलावतेस. मी डेपोत दोनशे माणसं सांभाळली, हे डाव मला कळतात.

ताईला तार दाखवली नाही. दाखवली असती तर कारण सांगावं लागलं असतं. तिचे अजून आठ दिवस आहेत हसायचे, ते मी तुला देणार नाही, यकृतालाही देणार नाही. सहा वर्षांत मी तिला दिवाणखान्यात बसलेलीसुद्धा बघितली नव्हती गं. आता लाटेकडे पाठ करून उभी राहते आणि लाटेनं ढकललं की ओरडते. तू बघितलं असतंस तर तार केली नसतीस.

तार वाचून थेट पाण्यातच गेलो, खोटं कशाला सांगू. होड्या लागतात त्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर शिंपल्यांचे थर आहेत, टाचेला जरा कापलं. दाढीचं ब्लेड लागावं एवढंच. खाऱ्या पाण्यानं आपोआप साफ झालं. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे तुला ओरडायला काहीतरी मिळेल.

तुझं ते सविस्तर पत्र आलं की नीट वाचीन, आणि एक तारखेला सगळं तिच्यासमोर मांडीन. रविवारी जेवायला येशील तेव्हा मीठ तुझी ताईच उचलेल, तू नुसती जेव.

भाऊजी


२७ फेब्रुवारी

धाकटीस,

तुला माझी तार मिळाली, हे पोचल्याच्या पावतीवरून कळलं. तारेत "हे गेले" एवढंच होतं. बाकीचं आता लिहिते, कारण घरी आल्यावर मी हे तोंडानं सांगू शकणार नाही.

एकवीसला संध्याकाळी हुडहुडी भरली. म्हणाले, जास्त वेळ भिजलो. मी दोन चादरी घातल्या आणि बोलणी घातली. बावीसला सकाळी टाच लाल होती, अकरा वाजता पोटरी सुजली, आणि त्यावर जांभळे फोड आले, माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक. दवाखाना गाडीनं दीड तासावर आहे. वाटेत ते मला काहीतरी सांगत होते. ग्लानीत होते, शब्द फुटत नव्हते. मी म्हणाले, बोलू नका, दम राखून ठेवा. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, धाकटे.

तिथला डॉक्टर तरुण होता, पण कामाचा होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना आधीचं काही दुखणं आहे का? यकृताचं वगैरे?" मी काय सांगितलं असेल? मी त्याच्या अंगावर गेले. म्हणाले, "पस्तीस वर्षं मी ह्यांचा डबा भरतेय. ह्यांना साधी सर्दी झाली तरी मला ह्यांच्याआधी कळते. माणूस ठणठणीत आहे, तुम्ही टाचेचं बघा." तो पुन्हा म्हणाला, नीट आठवा. मी म्हणाले, "मला आठवायची गरज नाही. मी बायको आहे."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी इतकी खात्रीनं बोलले. साधी जखम समजून औषध चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा धावत आला. तोवर जांघेपर्यंत चढलं होतं. चोवीसला सकाळी संपलं. नंतर तो माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, आधी कळलं असतं तर त्याच दुपारी पाय कापला असता. पाय गेला असता, माणूस कदाचित राहिला असता. त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तो सूर असता तर बरं झालं असतं.

हॉटेलवर सामान घ्यायला आले तर मॅनेजरनं पाकीट दिलं. तुझं अक्षर, ह्यांचं नाव. मला अजून वाटत होतं त्यात अठ्ठाविसाचं काहीतरी असेल. तिथेच टेबलाशी उभं राहून फोडलं. चार वेळा वाचलं. मग तारेचं विचारलं. मॅनेजरनं वही काढली, वीस तारीख, सकाळी नऊ, ह्यांची सही. सही सरळ, ठसठशीत, डेपोतल्या हजेरीवर करायचे तशी. त्या दिवशी नऊ वाजता मी केस धूत होते. मग सामान बांधताना खाटेखालच्या बुटात तुझं दहा तारखेचं पत्रही सापडलं.

तू लिहिलंयस, ताईला काही होणार नाही. बरोबर होतं तुझं. मला काहीच झालं नाही.

तू विचारलं आहेस, माझं नाव खोडून त्यांचं घातलं ते योग्य होतं ना. हे तू त्यांना विचारलंस, पण आता उत्तर द्यायला मीच उरले आहे. नव्हतं योग्य. तार माझ्या हातात पडली असती तर मी कारण विचारत बसले नसते. मी त्यांना कानाला धरून त्याच गाडीत बसवलं असतं, आणि कारण गाडीत विचारलं असतं.

ते गेले त्याचा राग मला त्यांच्यावर येत नाही, मेलेल्या माणसावर राग धरून ठेवता येत नाही असं दिसतं. त्यांना वाटलं मी दमलेय. तुला वाटलं शब्द दिलाय. दोघांनीही माझ्यावर माया केली, मला मान्य आहे. आणि त्या मायेनं मला त्या डॉक्टरसमोर उभं करून माझ्याच तोंडून त्यांचा जीव घालवला. ज्या दोन माणसांना माहीत होतं त्यातलं एक बोलू शकत नव्हतं आणि दुसरं तार ऑफिसात माझं नाव खोडून बसलं होतं. ज्या एकीला बोलता येत होतं, तिला तुम्ही काही सांगितलं नव्हतं.

मी रविवारी दुपारच्या गाडीनं येते. शेजारच्या काकांना कळवलंय, ते किल्ली घेऊन येतील. तू स्टेशनवर येऊ नकोस. घरीही लगेच येऊ नकोस. कधी ये ते मी सांगीन. सांगीन की नाही, ते आज मला माहीत नाही.

एकच विचारायचं होतं. दोन वर्षांत, इतक्या रविवारी, मी तुझ्यासमोर बसून बोलत होते तेव्हा एकदा तरी ते तुझ्या तोंडाशी आलं होतं का? हो म्हणालीस तर मला जास्त दुखेल, आणि नाही म्हणालीस तर त्याहून. म्हणून या पत्राला उत्तर पाठवू नकोस.

ताई